न आलेली तार

मुरुमच्या बाजारपेठेत शिवलिंगप्पा फौजीच्या शब्दावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवायचे. बांधाचं भांडण असो की सोयरिकीची बोलणी, "फौजीला बसवा मधी" हे ठरलेलं. सतरा वर्षं फौजेत काढून नाईक म्हणून घरी आलेला माणूस. डाव्या पायानं जरासा लंगडायचा, बोलायचं तेवढंच बोलायचा. अशा माणसाला साठाव्या वर्षी एका पदकापायी गावानं खोटारडा ठरवावं? पण ठरवलं. गावाचं काय हो, त्याला चघळायला रोज नवं काहीतरी लागतंच.

गोष्ट मल्लिनाथपासून सुरू होते. मल्लिनाथ आणि शिवलिंगप्पा एका गल्लीतले, एकाच दिवशी भरती झालेले, एकाच पलटणीत पडलेले. अठ्ठ्याऐंशी साली शांतिसेनेबरोबर दोघं श्रीलंकेत गेले. तिथं ताडाच्या झाडीत त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. शिवलिंगप्पाच्या पोटरीत बॉम्बचा तुकडा घुसला आणि तो उघड्यावर पडला. बाकीचे बांधाआड गेले होते. मल्लिनाथ एकटा मागं फिरला, त्याला बखोटीला धरून फरफटत बांधापर्यंत घेऊन आला, आणि बांधावर चढताना त्याच्या मानेत गोळी लागली. तेवीस वर्षांचं पोर. घरी बायको, द्वारकाबाई, सहा महिन्यांची पोटुशी.

पुढच्या सुट्टीत शिवलिंगप्पानं द्वारकाबाईच्या ओट्यावर बसून हे सगळं सांगितलं होतं. त्या बाईनं तेवढ्या एका गोष्टीवर सदतीस वर्षं काढली. मुलाला, रणधीरला, तीच गोष्ट सांगून वाढवलं. तुझा बाप पळताना मेला न्हाय, कुणाला तरी आणायला गेला होता.

गेल्या वर्षी शाळेच्या आवारात मल्लिनाथच्या नावाची शिळा बसवायचं ठरलं. रणधीर त्याच शाळेत मास्तर. त्यानं मजकूर लिहिला: नाव, तारीख, आणि मध्ये एक ओळ, 'जखमी साथीदाराला वाचवताना वीरमरण'. शिळेसाठी नेमलेल्या समितीतल्या एका शहाण्यानं विचारलं, "याला कागद काय?" मल्लिनाथच्या कागदावर नुसतं 'चकमकीत ठार' एवढंच. मग रणधीर शिवलिंगप्पाकडं आला. "काका, तुमचं डिस्चार्ज बुक द्या. तुम्ही जखमी झाल्याची नोंद असंल की."

शिवलिंगप्पानं ते पुस्तक का दिलं, देव जाणे. बहुतेक फौजेतून घरी आल्यापासून त्यानं ते पान उघडून पाहिलंच नव्हतं. रणधीरनं पाहिलं. जखमी सैनिकाला मिळतं ते पदक यादीत नव्हतं. पायाच्या दुखापतीपुढं लिहिलेलं होतं, 'खेळताना'.

"काका, तुम्ही तर खेळताना पडलात."

शिवलिंगप्पा म्हणाला, "कारकुनाची चूक हाय ती. दुरुस्त करून आणतो."

आठ दिवसांत बातमी गल्लीभर झाली. फौजी खेळताना पडला आणि शहिदाच्या नावावर जखमी म्हणून मिरवला. द्वारकाबाई काही बोलली नाही. फक्त एकदा पिठाच्या गिरणीत गाठ पडली तेव्हा डबा खाली ठेवून तिनं विचारलं, "भावजी, माझं समाधान व्हावं म्हणून गोष्ट रचली व्हती का तुमी? खरं सांगा. म्या रागवत न्हाय."

"न्हाय वहिनी. कागद आणून दाखवतो."

आणि लागला की हा माणूस कागदाच्या मागं! धाराशिवला माजी सैनिकांच्या कार्यालयात चन्नबसप्पा नावाचे जुने हवालदार अर्ज लिहून द्यायचे. त्यांनी अर्ज समोर घेतला आणि विचारलं, "चूक कुणाची लिहू?" शिवलिंगप्पा खिडकीकडं बघत म्हणाला, "कारकुनाची लिवा." आयुष्यात या माणसानं दोन खोट्या गोष्टी कागदावर घातल्या. ही दुसरी.

सात महिने गेले. समिती थांबली ती द्वारकाबाईच्या शब्दावर. शिवलिंगप्पा पोस्टमन गल्लीत कधी शिरतो ते बघत ओट्यावर बसून राहायचा. पंचाईत मिटवायला आता त्याला कुणी बोलवत नव्हतं.

उत्तर आलं ते रणधीरच्याच हाती पडलं, कारण अर्जावर पत्ता त्याचा दिला होता. शिवलिंगप्पाला इंग्रजी धड वाचता येत नव्हतं. रणधीरनं निरोप धाडला आणि आईच्या समोर, पडवीत बसून वाचून दाखवलं. नोंदीत चूक आढळत नाही. अर्जदाराचा त्या वेळचा, त्याच्या सहीचा जबाब सोबत जोडला आहे. प्रत्यक्ष पाहणारे दोन साक्षीदार असल्यास त्यांची प्रतिज्ञापत्रं द्यावीत.

पाहणाऱ्यांत एक मल्लिनाथ होता. दुसरा त्यांचा सुभेदार, तोही दहा वर्षांपूर्वी वारला. बाकीचे बांधाआड होते, त्यांना काही दिसलं नव्हतं.

मग रणधीरनं जोडलेला कागद उलगडला. पेन्सिलीनं लिहिलेली हिंदी, अक्षर शिवलिंगप्पाचं. 'व्हॉलीबॉल खेळताना घसरून पत्र्यावर पडलो. पोटरीला पत्रा लागला. कुणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली सही, आणि डाव्या अंगठ्याचा ठसा.

"हे तुम्हीच लिहिलंय काका," रणधीर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सदतीस वर्षं बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आता सांगितल्यावाचून शिवलिंगप्पाला गत्यंतर नव्हतं.

"दवाखान्यातला कारकून म्हणला, लढाईतला जखमी लिहिलं की घरला तार जाती. नियम हाय. म्या इचारलं, मल्लीच्या घरला? म्हणला, त्याची आजच गेली." तो द्वारकाबाईकडं वळला. "वहिनी, तुमाला ठाव हाय, आपल्याकडं तार म्हंजे काय. कुणी वाचायला थांबतंय का? तारवाला गल्लीत शिरला की बाया ऊर बडवायला लागायच्या. माझी आई, अव्वा, आधीच काळजाची दुखणेकरी. मल्लीची तार आली त्याच दिवशी माझी बी आली असती, तर वाचून दाखवायच्या आत ती दारातच गेली असती. कारकुनाच्या पाया पडलो. तो म्हणला, मग खेळताना लागलं असं लिहून दे, तार जायाची न्हाय. दवाखान्यात गर्दी एवढी की कुणी फिरून इचारलं न्हाय. दिलं लिहून."

बाहेर कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं.

"दाखवा," द्वारकाबाई म्हणाली.

त्याला आधी कळलं नाही. मग त्यानं पायजमा वर सारला. पोटरीवर रुपयाएवढा खड्डा होता, कातडी चुरगळलेली. ती वाकून बघत राहिली.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली.

ती सरळ बसली आणि पदरानं तोंड पुसलं. "माझी तार आली तवा पयला माझा हात धरला तो तुमच्या अव्वानं. माझ्या बांगड्या तिनंच काढल्या. रातभर माझ्यापाशी बसली. पाठीवरनं हात फिरवायची आणि मधनंच देवाला हात जोडायची, माझ्या लेकराला खरचटलं बी न्हाय म्हणून. म्या ऐकत व्हते. लई राग आला व्हता मला तिचा. तिचा नव्हं, तुमचा."

"वहिनी..."

"अव्वा जगली. नऊ वर्षं जगली, चांगलं झालं. पर दोन तारा आल्या असत्या ना भावजी, तर म्या एकली पडले नसते. आणि कागद बी आज माझ्या माणसाच्या बाजूनं बोलला असता." ती उठली. "तुमी खरं बोलता, म्या मानते. रणधीर, मधली ती वळ काढ. उद्या कुणी खोटं म्हणायच्या आत आपणच काढू."

"आई, काका सांगतायत ना..."

"काढ म्हणते न्हवं!"

शिवलिंगप्पा पायजमा खाली करायचा विसरून तसाच बसून होता. त्याला ओरडावंसं वाटलं की नका काढू, दुसरा अर्ज करतो, खरं लिहितो, कोर्टात जातो. पण साक्षीला आणणार कुणाला?

रणधीरनं पाथरवट शंभुलिंगला फोन लावला. फोन जुना, पलीकडचा आवाज पडवीभर ऐकू येत होता. मधली ओळ नको, नुसतं नाव आणि तारीख ठेवा, असं रणधीरनं दोनदा सांगितलं. शंभुलिंग म्हणाला, "बरं मास्तर. पर मधी लई जागा मोकळी राहतीय. नाव जरा मोठं करू का?"