ताटल्या फोडायची काडतुसं

दीर बांधाखाली उताणा पडला होता, बंदूक त्याच्यापासून दोन हातांवर चिखलात होती आणि डुकराचा सुळा त्याच्या मांडीत होता. तो ओरडत होता, "वहिनी, ती द्या, तुमची द्या." माझी म्हणजे माझ्या पदराच्या गाठीत बांधलेली दोन काडतुसं. सकाळी तीच त्याच्यापुढं धरली तेव्हा त्यानं हातसुद्धा लावला नव्हता. आता मागत होता, तेही हातात बंदूक नसताना.

बंदूक आमच्या घरात मालक होते तेव्हापासून आहे. शेतीच्या राखणीचा परवाना, बारा बोअरची एकनळी. बंदूक खुंटीला आणि काडतुसं माझ्याकडं पापडाच्या डब्यात, अशी मालकांची पद्धत होती. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा त्यांनी एकदा तीन काडतुसं चिरून तीन ताटल्यांत ओतून दाखवली. आठ नंबरातून बाजरीएवढे छर्रे निघाले, चार नंबरातून मुगाएवढे, आणि एलजी लिहिलं होतं त्यातून मोजक्याच गोळ्या, वाटाण्याएवढ्या. नंबर मोठा तितका छर्रा बारीक, एवढं ध्यानात ठेव, म्हणाले. उडत्या पाखराला बाजरी, कारण ती पसरते आणि पाखराला एक दाणा लागला तरी पुरतो. सशाला मूग. डुकराला वाटाणा, कारण बाजरी त्याच्या कातड्यात शिरतच नाही. वानरांना काही नाही, नुसता आवाज. त्या काळी तितर, ससा मारला तर कोणी विचारत नव्हतं, म्हणून हे सगळं लागायचं. मी चौथी शिकलेली. जी बाई रोज सूप हातात धरते तिला हे एकदा सांगून कळतं.

घरातल्या पुरुषांना मात्र चाळीस वर्षांत कळलं नाही. ते रंगावर जायचे. लाल म्हणजे जोरदार, निळं म्हणजे मध्यम, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. पुतण्याच्या लग्नात ह्याच दिरानं वरातीत बार काढायला डब्यातून एलजी उचललं. का, तर आवाज भारी पाहिजे. वाटाण्याच्या गोळ्यांनी शेजाऱ्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फोडली आणि नवरदेव घोड्यावरच भिजला. ठाण्यात जाऊन हात जोडले ते मालकांनी. दीर मांडवात जेवायला बसला होता.

मालक गेल्यावर परवाना दिराच्या नावावर झाला. माझ्या नावावर करावा असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही. दीर वाळूजला कंपनीत होता, रिटायर होऊन खुलताबादजवळ आमच्या गावी परत आला. अंगण एक, चुली दोन. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. ती परत आणायच्या दिवशी हा माणूस इस्त्रीचे कपडे घालतो. बंदुकीचा त्याला एवढाच उपयोग माहीत होता.

यंदा मका कणसावर आला आणि डोंगरातून डुकरं उतरली. एका रात्रीत चार-पाच सऱ्या आडव्या. वनखात्याकडं अर्ज करून दिरानं डुक्कर मारायचा कागद आणला. तेवढं काम त्यानं केलं, ते मी नाकारत नाही. मग शहरात जाऊन काडतुसं घेऊन आला. माझ्या ओट्यावर खोकं ठेवलं. आतली काडतुसं लाल, चकचकीत, कुंकवाच्या डब्यांसारखी.

"बघा वहिनी. खेळाडूंचा माल हाय. नॅशनलला हेच वापरतात."

"कशावर मारतात?"

"ताटल्यांवर. मातीच्या ताटल्या हवेत फेकतात अन् धडाधड फोडतात."

"आपल्या मक्यात ताटल्या शिरल्यात का?"

"तुम्हाला नाय कळायचं. पावर बघा ह्यातली."

मी चष्मा लावला. काडतुसावर आठ लिहिलं होतं. "भाऊजी, ही आठ नंबर हायेत. बाजरी हाय ही."

"आता टेक्निक बदललंय. दुकानदाराला जास्त कळतं का तुम्हाला?"

"त्याला सांगितलं का, डुकरासाठी पाहिजेत म्हणून?"

दिरानं खोकं बंद केलं. मग म्हणाला, "सांगायचं कशाला? आपण काय नवशिके हाय?"

सगळं ह्यात आलं. दुकानात उभं राहून, मला डुकरासाठी काय लागेल, एवढं विचारायची त्याला लाज वाटली. दुकानदारानं विचारलं असेल, कशाला हवीत. ह्यानं मिशीवर हात फिरवून सर्वात चांगली द्या म्हटलं असेल. तीस वर्षं कंपनीत मशीनवर काढली. तिथं नटाला चुकीचा पाना लावला असता तर साहेबानं घरी बसवलं असतं. घरी आल्यावर मात्र कोणताही पाना चालतो.

डब्यात मालकांच्या वेळची दोन एलजी होती. कुरडया वाळत घालते तेव्हा दरवर्षी मी त्यांनाही सावलीला हवा दाखवते. सकाळी निघताना ती पुढं केली.

"जुनी झाली ती. दमट असतील. नळीत फुटली म्हंजे?"

"वाळवलेली हायेत."

"वहिनी, कुरडई नाय ती."

त्याच्या ह्या विनोदावर तो एकटाच हसला. मी दोन्ही काडतुसं पदराच्या टोकाला घट्ट बांधली आणि मागं चालत गेले. मका माझा होता.

शेजारच्या मोकळ्या रानात एका धनगराची मेंढरं खतासाठी बसवली होती. त्याला सांगून ठेवलं होतं, पलीकडून डबा वाजवत ये. त्याच्याबरोबर त्याची कुत्री होती, भुरी, एक कान कापलेली. दीर बांधावर उभा राहिला. मी त्याच्या मागं दहा पावलांवर.

डबा वाजला. मका हलला आणि डुक्कर आमच्या अंगाला बाहेर आलं, वीसेक पावलांवर. दिरानं बार काढला. नेम चुकला नाही, हे मीच सांगते. छर्रे बरोबर खांद्यावर बसले. डुक्कर शहारलं, जशी म्हैस माशी बसली की शहारते, आणि वळून आमच्याकडं बघायला लागलं. दिरानं बंदूक मधून मोडून उघडली, रिकामं काडतूस काढलं आणि दुसरं घातलं. तेही लालच. बंदूक मिटायच्या आत डुक्कर त्याच्या पायात होतं.

तो ओरडायला लागला तशी मी गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. मीच कचकचून मारली होती, तो दोष माझा. दातांनी ओढली. सुटली असती तरी मी काय करणार होते? मला काडतुसं ओळखायला शिकवलं होतं. बंदूक चालवायला कोणी शिकवलं नव्हतं.

मक्यातून कुत्री आली. तिला कोणी छू म्हटलं नव्हतं. तिनं डुकराचा कान धरला आणि लोंबकळली. डुकरानं दिराला सोडलं, मान फिरवली, तिला खालून वर फाडलं आणि कान तिच्या तोंडात ठेवून मक्यात निघून गेलं. मला चहा गाळायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात हे सगळं झालं. तेव्हाच गाठ सुटली.

धनगर धावत आला. त्यानं आपला पटका सोडून दिराच्या मांडीला आवळला.

"मालक, हलू नका. लई रगत चाललंय."

"लागला होता ना? बार लागला होता ना रे?"

"लागला की," धनगर गाठ मारता मारता म्हणाला. "खाज सुटली असंल त्याला."

मग तो उठून कुत्रीकडं गेला आणि तिच्याजवळ बसून राहिला. दिराला जीपमध्ये घालून शहरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत त्यानं परत आमच्याकडं पाहिलं नाही.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दीर तेच सांगत होता. डुक्कर साधं नव्हतं, एवढं थोराड कोणी बघितलं नसेल, गोळी खाऊन अंगावर आलं. चौथ्यांदा ऐकल्यावर मी म्हटलं, "गोळी नाही, बाजरी." भेटायला आलेल्या माणसाला वाटलं मी घरातल्या धान्याचं बोलते. दिराला कळलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. जाऊ मला म्हणाली, आजारी माणसाला असं बोलू नये. मी म्हटलं, धडधाकट होता तेव्हा बोलले होते.

घरी आल्यावर त्यानं उरलेली लाल काडतुसं माझ्या डब्यात ठेवायला पाठवली. मी परत पाठवली. धनगराला तो म्हणाला, शहरातून तुला जातिवंत कुत्रं आणून देतो. धनगर म्हणाला, नको, अन् मेंढरं घेऊन पुढच्या गावाला गेला.

आठ दिवसांनी मक्यात परत सऱ्या आडव्या झाल्या. सकाळी मी बांधावर उभी असताना ते डुक्कर ओढ्याकडं जाताना दिसलं. एक कान नव्हता.

दीर वाचला, डावा पाय ओढत चालतो. डुक्कर वाचलं. कुत्री दुपारपर्यंत धापत होती, मग मेली.