दामल्यांच्या डब्यातली घुंऽऽ

कुठल्याही लग्नात आमच्या जुन्या कंपनीतली माणसं एका टेबलावर बसली, की वाढपी वैतागतात. एकाचं "अगं, ते आठवतं का?" सुरू झालं की पंगत उठते तरी आमची ताटं तशीच! बरं, किस्सा एकच, सांगणारे चौघं, आणि प्रत्येकाच्या किश्शात शहाणा तो स्वतः! असे किस्से साचत साचत आता इतके झालेत की काही खरे आहेत हे आम्हीच विसरलोय. म्हणून म्हटलं, यंदा मीच सांगते. ज्याला आक्षेप असेल त्याने माझ्या घरी चहाला यावं.

तर, ऐंशीच्या दशकाचा शेवट. अंबरनाथला मोरिवली गावाला लागून आमचा कारखाना. मी ऑफिसात टायपिस्ट. लग्न होऊन सोलापूरहून थेट बदलापूरला, मांजर्लीत येऊन पडले होते. ओळखीचं म्हणावं असं कोणी नाही. कँटीनमध्ये पंख्याखाली एकच टेबल होतं, तिथे जागा मिळाली म्हणून बसले आणि दामले न् भोईर नावाची दोन माणसं आयुष्यभरासाठी गळ्यात पडली.

दामले इन्स्पेक्शनमधले ऑफिसर. इस्त्रीचा शर्ट, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर. का, ते विचारायचं नाही. अनंता भोईर मशीनवर, मोरिवलीचाच. त्याची आई, तुळसाआय, गावची धवलारीण. म्हणजे त्यांच्या समाजाच्या लग्नांत हळदीपासून सगळे विधी गाण्यांनी करून घेणारी बाई. या गाण्यांना धवले म्हणतात. तुळसाआय ओळ उचलायची आणि तिची जोडीदारीण हिराबाई मागे सूर धरून बसायची. जन्मभर दोघींनी मिळून गावातली लग्नं लावली.

त्या साली हिराबाई गेली, आणि तुळसाआय गायची थांबली.

*

एक दिवस भोईर डबा न उघडताच बसला. "सुरेखाचं जमलं," म्हणाला. सुरेखा म्हणजे त्याची मुलगी.

"अरे वा! मग तोंड असं का?"

"पोरगी म्हनते, आजीचे धवले झाल्याबिगर हलद लावून घेनार नाय. आन आय म्हनते, माझा आवाज आता माझ्याच कानांना ऐकू येत नाय, तर लोकांना काय येनार!"

"मग मंडपवाल्याचा भोंगा लावा की," मी म्हटलं.

"भोंग्याला ती हात लावत नाय, ताई. म्हनते, त्याच्यातून इलेक्शनवाले वरडतात."

दामल्यांनी चमचा खाली ठेवला. "अँप्लिफायर करू. छोटासा, घरगुती. मासिकात सर्किट आलंय. काय कठीण आहे त्यात!"

या गृहस्थांनी तोवर घरातला बल्बसुद्धा बायकोकडून बदलून घेतला होता. मला तर ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ एवढंच माहीत. पण दामल्यांनी तिथल्या तिथे कामं वाटली. "कुलकर्णीबाई, तुमची बोटं टाइपरायटरवर झरझर चालतात. सोल्डरिंग तुम्ही करायचं."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी इन्स्पेक्शन!"

*

सामान आणायला उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये गेलो. एका सिंधी शेठचं दुकान, आत शिरायला आडवं व्हावं लागेल एवढं. शेठनी विचारलं, "कितने वॉट का बनाना है, साईं?"

दामले गडबडले. मासिक घरी राहिलं होतं. घसा खाकरून म्हणाले, "एक बूढ़ी औरत सुनाई देनी चाहिए, उतने का."

शेठ हसून हसून गल्ल्यावर कोसळायचा बाकी राहिला. मग म्हणाला, "साईं, बूढ़ी औरत तो मेरे घर में भी है. मेरी अम्मा. उसका आवाज़ कम करने का कुछ हो तो पहले वो बनाओ!"

पण माणूस लाखातला हो. आम्हाला बसवून चहा पाजला, एकेक पार्ट हातात देऊन कुठला पाय कुठे लावायचा ते दोन-दोनदा सांगितलं. शेवटी माळ्यावरून एक स्पीकर काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या पिशवीत टाकला. "ये लड़की की शादी का मेरा आहेर." ना मुलगी ओळखीची, ना आम्ही! अजून त्या बाजूने गेले की त्या दुकानाकडे बघून मी हात जोडते. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

*

पहिलं उद्घाटन कँटीनमध्ये. जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सर्किट बसवलेलं. दामल्यांनी इन्स्पेक्शन केलं, "पास!" म्हणाले आणि बटण दाबलं.

फाट्कन आवाज झाला, डब्यातून धूर निघाला आणि कापसासारखं काहीतरी उडून थेट पोह्यांच्या परातीत! एक कपॅसिटर उलटा लागला होता. चूक कोणाची यावर दामले आणि मी अजून भांडतो, तो भाग सोडून देऊ.

कँटीनचे आचारी गणपतराव शांतपणे आले. झाऱ्याने तेवढे पोहे बाजूला काढले. म्हणाले, "साहेब, फोडणी माझ्याकडे ठेवा ना. तुम्ही फक्त खात जा."

*

दुसऱ्या खेपेला धूर आला नाही. दामल्यांनी माइक तोंडाशी धरला, "हॅलो, हॅलो" केलं. डब्यातून एक बाई अगदी स्पष्ट म्हणाली, "कांद्याची आवक वाढल्याने..."

आमच्या लांबलचक वायरीने रेडिओ पकडला होता! दामले "हॅलो" म्हणाले की ती बटाट्यावर, पुन्हा "हॅलो" म्हणाले की लसणावर. भोईरने डोक्याला हात लावला. "दामलेसाहेब, आय हलदीला बसनार, आन तुमची ही बाई बाजारभाव सांगनार?"

वायर आखूड केली आणि बाई गेली. पण पुढचे कित्येक दिवस गणपतराव भाजी आणायला निघाले की खिडकीतून हाक मारायचे, "दामलेसाहेब, आज वांगी घेऊ का थांबू?"

*

डबा माझ्या घरी असायचा, कारण सोल्डरिंग माझ्याकडे. आमच्या मांजर्लीत उल्हास नदी कधी घरात येईल याचा नेम नसायचा. त्या पावसाळ्यात आली. उंबऱ्यावरून पाणी आत शिरलं तशी मी धावले, आणि पहिला उचलला तो डबा! साडी वर खोचून, डबा डोक्यावर घेऊन, जिना चढून वरच्या शेजाऱ्यांकडे.

खालून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, मी पण आहे घरात!"

"तुम्हाला पोहता येतं ना?" मी म्हटलं.

पाणी ओसरलं तर घरभर चिखल. काय करावं सुचेना, पायरीवर बसून मी रडत होते. तेवढ्यात चिखल तुडवत दोघं दारात हजर! दामल्यांच्या हातात वहिनींनी दिलेल्या कोरड्या साड्या आणि चादरी, भोईरच्या हातात खराटा आणि तुळसाआयने बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकरी. त्या माउलीने मला तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं. दोघांनी दिवसभर घर धुऊन काढलं. डबा कसा आहे, हे दामल्यांनी निघताना विचारलं, तेही लाजत. सोलापूरची आठवण काढून रडायचं मी त्या दिवशी थांबवलं. या माणसांचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

*

आता दामल्यांच्या शत्रूची गोष्ट. अँप्लिफायर चालू केला की आवाज यायचा, पण त्याच्या मागे एक बारीक घुंऽऽ सतत. विजेची गुणगुण. गाणं असो नसो, ही चालूच. भोईर म्हणाला, "असू दे की साहेब." पण इन्स्पेक्शनचा माणूस तो! त्यांच्या हातून कधी डाग असलेला माल पास झाला नव्हता.

ट्रान्सफॉर्मर हलवून झाला. वायरी बदलून झाल्या. घुंऽऽ काही हटेना. शेवटी भोईर म्हणाला, "निदान आयला एकदा दाखवू तरी," म्हणून डबा मोरिवलीला नेला. तुळसाआय ओटीवर बसली होती, चिमणीएवढी बाई. बटण दाबलं. घुंऽऽ सुरू झाली. म्हातारीने मान वर केली, डब्याकडे बघितलं आणि सरकत सरकत त्याच्याजवळ जाऊन बसली. कोणी "गा" म्हणायच्या आत तिने एक ओळ म्हटली. फक्त एक. आवाज थरथरत होता, पण अंगणातल्या बायका कामं टाकून ओटीपाशी आल्या. सुरेखा तर रडायलाच लागली.

"बरं हाय," तुळसाआय म्हणाली. "हलदीला आना."

भोईर आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. दामले मात्र ओशाळून म्हणाले, "आई, ती मागची घुंघूं तेवढी माफ करा. लग्नापर्यंत घालवतो, शब्द देतो!"

म्हातारीचं लक्ष डब्याकडेच होतं.

*

मग त्या घुंऽऽने दामल्यांचं डोकंच खाल्लं. जेवताना, चालताना, सगळीकडे ती ऐकू येऊ लागली. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींनी डोळे मिटून, पोटातून, लांबलचक "ॐ" लावला. सोवळं नेसून पाटावर बसलेले दामले दचकून ओरडले, "अर्थिंग लूज आहे!"

दामलेवहिनींनी पळीभर तीर्थ त्यांच्याच डोक्यावर शिंपडलं.

पण हसू नका, उत्तर तेच निघालं! पत्र्याचा डबा आतल्या सर्किटच्या अर्थला जोडलेलाच नव्हता. एक वीतभर वायर. ती मी सोल्डर केली, झाकण लावलं आणि घुंऽऽ गेली. साफ गेली. दामले डब्याला कान लावून बसून राहिले. डोळ्यांत पाणी. "कुलकर्णीबाई," म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतः केलं हो मी."

*

हळदीची संध्याकाळ. भोईरच्या अंगणात मांडव, सगळा गाव लोटलेला. सुरेखा पाटावर, भोवती बायका हळदीच्या वाट्या घेऊन. उल्हासनगरचे शेठसुद्धा अम्माला घेऊन आलेले. बँडवाल्यांना भोईरने हात जोडून गप्प केलं. तुळसाआय नवं लुगडं नेसून डब्याजवळ बसली. मी माइक तिच्या हातात दिला.

दामल्यांनी बटण दाबलं आणि मांडवाकडे वळून म्हणाले, "ऐका! काही ऐकू येतंय? नाही ना? तेच तर!"

तुळसाआय थांबली. डब्याकडे बघितलं. बोटाने टकटक केलं, मांडवभर टकटक घुमली. पुन्हा थांबली. बायका ताटकळल्या. सुरेखा आजीकडे बघत राहिली.

"आय, चालू हाय. गा ना," भोईर म्हणाला.

म्हातारीने माइक मांडीवर ठेवला. "मी एकटी नाय गानार."

"एकटी? अगं, सगला गाव हाय!"

तिने भोईरकडे बघितलंसुद्धा नाही. दामल्यांना विचारलं, "त्या दिवशी ओटीवर माझ्या मागं सूर धरून बसली व्हती, तिला कुठं ठेवून आलास?"

दामल्यांनी म्हातारीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग खाली बसले, इस्त्रीच्या पँटीसकट, शेणाने सारवलेल्या अंगणात. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, झाकण उघडलं, आणि ती वीतभर वायर स्वतःच्या हाताने उपटून काढली.

डबा म्हणाला, घुंऽऽऽ.

तुळसाआयने डब्यावर हात ठेवला. "आयलीस गो, हिरा?" म्हणाली, आणि पहिली ओळ उचलली.