इल्वाच्या लोकरी सपाता

भिंतीवरची चित्रं बघायला तुम्ही तिकीट काढून जाता, मान दुखेपर्यंत वर बघता. पायाखालची फरशी कोणी घोटली, हे कधी विचारलंत का?

आमच्या गावच्या टेकडीवर असा एक व्हिला आहे. व्हेनिसच्या कुठल्याशा सावकाराने उन्हाळ्यात हवा खायला बांधलेला, साडेचारशे वर्षांचा. ओल्या गिलाव्यावर काढलेली चित्रं आहेत: खांब, द्राक्षवेली, ढगांवर लोळणारे देव. मला त्या देवांचं फारसं कौतुक नाही. पण मोठ्या दालनात भिंतीवर एक दार रंगवलंय, अर्धवट उघडं, आणि त्यातून एक मोलकरीण पोर डोकावते. बघायला येणारे अजूनही ते दार ओढायला जातात.

त्या दालनाची फरशी इल्वा पोझ्झोबॉनने उमेदीची सगळी वर्षं जवसाच्या तेलाने घोटली. तिथला नियम एकच. आत येणाऱ्याने बुटांवर लोकरी सपाता चढवायच्या. तो पाळून घ्यायचं काम इल्वाचं. एकदा बिशप आले, तर त्यांनाही तिने बाकावर बसवून सपाता घालायला लावल्या. गुडघे गेले तेव्हा मालकांनी तिला फुलं दिली. पेन्शन मात्र नाही; त्यासाठी मला चौकात कर्णा घेऊन ओरडावं लागलं. तेव्हापासून आमची घसट.

गेल्या फेब्रुवारीत तिची मुलगी तिला कायमची आपल्याकडे तोरिनोला न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी इल्वा मला म्हणाली, भिंतीवरच्या त्या पोरीला भेटून यायचंय. रोज संध्याकाळी खिडक्या लावताना ती त्या पोरीशी एक वाक्य बोलायची. गुडघ्यांनी घात केला त्या दिवसापासून ते राहूनच गेलं होतं.

मी तिची चाकाची खुर्ची ढकलत टेकडी चढले. दारात लोरिस होता, इल्वानंतरचा राखणदार. त्याने चाकांकडे पाहिलं आणि मान हलवली. चाकं आत जाणार नाहीत. चाकांना चिखल होता, हे खरं. पण माझं डोकं फिरलं. जिने ही फरशी राखली तिलाच उंबऱ्यावर अडवतोस, उद्या पेपरात आणते, असं मी बरंच बोलले. लोरिस कानशिलापर्यंत लाल झाला, पण दारातून हलला नाही.

"तू गप्प बस जरा," इल्वा मला म्हणाली. "तुझा कर्णा घरी ठेव. बरोबर आहे त्याचं. मी बिशपला सोडलं नाही, तो मला कशाला सोडेल?"

मग लोरिसकडे वळून म्हणाली, "चार सपाता आण बाबा. मोठ्यातल्या मोठ्या."

लोरिसने सपाता आणल्या. मग गुडघ्यावर बसून त्याने चाकं पुसली. "मावशी, नंबर काय तुमचा?" म्हणत एकेक चाक सपातेत बसवलं.

सपातेत चाक फिरत नाही. ब्रेक लावून आम्ही दोघांनी रेटलं, तशी खुर्ची फरशीवरून होडीसारखी घसरत निघाली. मागे दोन चकचकीत पट्टे उठले.

रंगवलेल्या दारापुढे थांबलो. इल्वाने त्या पोरीकडे पाहिलं. रडली वगैरे नाही.

"दार लोटून घे गं," ती म्हणाली. "गारठा आत येतो."

एवढंच. मग लोरिसला बजावलं की यापुढे रोज संध्याकाळी हे त्याने म्हणायचं. तो हो म्हणाला. परतताना त्याने खुर्ची मुद्दाम दुसऱ्या बाजूने न्यायला लावली, तेवढीच फरशी घोटली जाईल म्हणून. इल्वाला ते पटलं.

ती आता तोरिनोत, लिफ्टच्या इमारतीत राहते. परवा मी लोरिसला विचारलं, म्हणतोस का रे? तर म्हणाला, भिंतीशी बोलायला जीभ वळत नाही. ह्याला कर्णा आणून देऊनही उपयोग नाही.

तेव्हा तुम्हीच करा. आमच्याकडे आलात तर सपाता घाला, पाय न उचलता घासत चाला, आणि निघताना त्या पोरीला तेवढं दार लोटून घ्यायला सांगा.