सरांनी पाठवलेली तसबीर

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आमच्या भूगोलाच्या सरांचे. मी धसईच्या पलीकडच्या पाड्यावरचा. घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. सरांनी मला शहापुरात स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि तीन वर्षांनी पदवी हातात पडल्यावरच सोडलं.

सर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरात कोणी विस्तव पेटवत नसे, दिव्याचं बटणही दाबत नसे. दुसऱ्याला 'दाब' असं सांगायचीही धर्माने बंदी. पहिल्या शुक्रवारी सर म्हणाले, "अंधारलं रे."

"हो सर," म्हणून मी बसून राहिलो.

थोड्या वेळाने, "बराच अंधार झाला."

"हो सर, अमावास्या जवळ आली."

आतून सरांच्या पत्नी, आमच्या बाई, हसत म्हणाल्या, "अहो, हा कसला पदवीधर होतोय!" तेव्हा कुठे मी उठलो. पुढे तीन वर्षं दर शुक्रवारी दिवा मीच लावला आणि त्याच दिव्याखाली अभ्यास केला.

बाई वारल्यावर सर मुलीकडे इस्राएलला गेले. गेल्या महिन्यात त्यांचा भाचा ठाण्याहून आला आणि एक तसबीर व मराठीत छापलेली पत्रकं देऊन गेला. तसबीर तिकडच्या एका धर्मगुरूची. तो राजकारणात होता. भाषणानंतर त्याला कोणीतरी गोळी घालून मारलं. मी अध्यक्ष असलेल्या धसईच्या वाचनालयात ती त्याच्या पुण्यतिथीला लावावी, अशी सरांची इच्छा.

पत्रक वाचून माझं डोकं फिरलं. देश फक्त ज्यूंचा; इतरांनी हक्क सोडून मुकाट राहावं, नाहीतर चालतं व्हावं. त्याला मारणं हा गुन्हाच. पण गोळी लागली म्हणून तोंडातल्या विषाचं अमृत होत नाही.

आमच्या चिटणिसाचं मोबाइलचं दुकान आहे. त्याला पत्रक फार आवडलं. "जबरदस्त मानूस रे दादा! बाहेरच्यांना हाकला म्हनतो. आपन पन लावू या."

"बाहेरचे म्हणजे कोण?"

"ता काय सांगाया पायजे? तू तर शिकलेला." मग डोळा मारून म्हणाला, "सरांचा सबूद मोडतोस का काय? त्यांचं अन्न खाल्लंस ना?"

ते मला लागलं. मी सरांना फोन लावला.

"सर, या माणसाचं राज्य असतं तर मी तुमच्या घरी राहिलो असतो का?"

"तुझी गोष्ट वेगळी. तू आपला आहेस."

"पत्रकात माझ्यासाठी वेगळी ओळ नाही, सर."

मागून त्यांची मुलगी ओरडली, "बाबा, इथं त्या धर्मगुरूच्या पक्षाला वंशद्वेषासाठी निवडणुकीतून बाहेर काढलं, ते सांगा ना त्याला!"

"तू गप गो!" सर तिच्यावर खेकसले. मग मला म्हणाले, "आमच्या गल्लीच्या तोंडाशी अतिरेक्यांनी बस उडवली रे. मी या हातांनी माणसं उचलली. तेव्हा तो एकटाच खरं बोलला होता, असं वाटलं." आणि त्यांनी विचारलं, "मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?"

खरंच नव्हतं मागितलं. दिवासुद्धा नाही.

 चार दिवसांनी मी हे पत्र पोस्टात टाकलं:

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तसबीर लावणार नाही. भाच्याकडे परत दिली आहे. पत्रकं मी जाळली, त्यांचा राग धरलात तरी चालेल. चिटणीस मला बेइमान म्हणतो, आणि तुम्हीही म्हणाल या भीतीने हे पत्र तीनदा फाडलं.

बस उडाली तेव्हा मी तुमच्याजवळ नव्हतो, याचं मला वाईट वाटतं. पण त्या माणसाने माझ्यासारख्याला तुमच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. त्याच्यापुढे मी हात जोडणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही. तुम्ही पहिल्यांदाच तोंडाने काही मागितलंत आणि मी नाही म्हणतो आहे.

तब्येत जपा. तिकडे शुक्रवारी दिवा कोण लावतं, ते कळवा.

तुमचा विद्यार्थी