संध्याताई आणि समुद्रात पडलेली अंगठी

आखातातल्या अल कुसैसमध्ये संध्याताई केळुसकरांच्या पुरणपोळीला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सणासुदीच्या ऑर्डरी बाई एकहाती रेटतात, हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला फोनवर सुतासारखं सरळ करतात. पण चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की त्यांची बोबडी वळते. आणि अशा बाईनं पन्नाशीला टेकताना कॉलेजात जाऊन विषय कुठला घ्यावा? तर फिलिपिनो साहित्य!

लग्नामुळे बी.ए. अर्धवट राहिलं होतं, ते त्यांना फार सलायचं. लेक पर्णिका इंजिनिअर झाली तेव्हा पेढे वाटतानाही सललं. म्हणून त्यांनी गाडीनं दीड तासावरच्या अल ऐनमध्ये एका कॉलेजात नाव घातलं. त्या वर्षी शनिवारी बसणारा विषय तेवढा एकच होता म्हणून घेतला, खोटं कशाला बोला? पण पुढे त्यात जीव जडला. शेजारच्या फ्लॅटमधल्या फिलिपिनो नर्सबाईंशी इतकी वर्षं वाट्यांची देवाणघेवाण चाललेली, त्यामुळे भाषा कानात मुरली होतीच. त्यात त्या लोकांच्या गोष्टीत निघालं काय, तर पूर्वी आभाळ हाताला लागेल इतकं खाली होतं, एका कांडणाऱ्या बाईचं मुसळ लागलं म्हणून ते वर गेलं. मुसळ ऐकून संध्याताईंना कोण आनंद झाला!

"आई, सीरियसली? व्हॉट विल यू इव्हन डू विथ इट?" पर्णिकानं विचारलं.

"पोळीत भरीन," संध्याताई म्हणाल्या.

लेखी पेपर छान गेला. तोंडी परीक्षेला मात्र उभ्या राहिल्या, सगळ्यांची तोंडं पाहिली आणि एक अक्षर न बोलता खाली बसल्या. नापास! फेरपरीक्षा एकदाच मिळते. त्यातही गेल्या तर विषय गेला आणि बी.ए. दुसऱ्यांदा अर्धवट. नवरा चंद्रहास, रास अल खोरला पाइप-फिटिंगचा धंदा करणारा साधा माणूस, दर शनिवारी गाडी हाकत त्यांना अल ऐनला न्यायचा. तोही म्हणाला, "या खेपेला झालं तर झालं, नाहीतर खलास. माझी कंबर आता ऐकत नाही." बोलला तो हसत, पण संध्याताईंना हसू आलं नाही.

फेरपरीक्षेला विषय शिकवणाऱ्या लुझविमिंडा मॅडमनी करागातान ठेवलं होतं. हा तिकडचा जुना खेळ. गावात कुणी गेलं की नवव्या रात्री माणसं जमतात आणि दुःख हलकं व्हावं म्हणून कवितेत भांडतात. एका मुलीची अंगठी समुद्रात पडली असं धरायचं. मुलगे उठून कवितेत सांगणार की मी बुडी मारून आणतो, माझ्याशी लग्न कर. मुलीनं कवितेतच त्यांना खेळवत ठेवायचं. सगळं आयत्या वेळी रचायचं, पाठ केलेलं अजिबात चालत नाही.

वर्गात सगळी आखातात वाढलेली फिलिपिनो पोरं. संध्याताईंना ती 'तिता' म्हणायची, म्हणजे मावशी. आणि चिठ्ठीत तिताच निघाली लग्नाची मुलगी! जोमार नावाचा लांबलचक पोरगा पुढे आला, हात पसरून फिलिपिनोत म्हणाला की तुझ्यासाठी मी शार्कच्या तोंडातूनही अंगठी आणीन. वर्ग तिताकडे बघायला लागला.

झालं! आभाळ, मुसळ, समुद्र, सगळं संध्याताईंच्या डोक्यातून पुसून गेलं. मॅडम मान हलवून धीर देत होत्या. गेलं, परत गेलं, असं मनात येतंय तोवर जीभ आपली आपणच सुटली. मोडकीतोडकी फिलिपिनो होती ती. मराठीत आणली तर ती अशी:

समुद्राच्या तळाशी अंगठी पडली खोल,
बुडी मारणाऱ्या पोरा, सांभाळ तुझा तोल.
लाटांवर लाटा येती, वारा वाहे मंद,
चंद्रहासरावांचं नाव घेते, बुडी कर बंद!

जोमारचे हात तसेच पसरलेले. "पण तिता," तो म्हणाला, "चंद्रहास म्हणजे तुला गाडीतून आणणारा तुझा नवरा ना? तुझं लग्न झालंय, तर मी बुडी मारू कशाला?" मग असा हशा उठला, की बाहेरचा वॉचमन डोकावून गेला.

संध्याताईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडमनी विचारलं, खेळात नवऱ्याचं नाव कशाला घेतलं? आणि गंमत बघा, उखाणा म्हणजे काय हे सांगताना बाईंची भीड कुठल्या कुठे पळाली. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, सणावारी सगळ्या जणी आग्रह करतात, अडवून धरतात, मग कवितेत गुंडाळून ते घ्यायचं, असं त्या उभ्या उभ्या सांगत सुटल्या. पोरांनी आणखी दोन उखाणे म्हणायला लावले.

"खेळ तुम्ही पार मोडलात, त्याचे मार्क मी कापणार," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "पण आयत्या वेळी रचलंत ना? परीक्षा त्याचीच होती. पास!"

चंद्रहास गाडीत चहाचा कप घेऊन मोबाईलवर मॅच बघत बसला होता. "काय झालं?"

"पास!" म्हणताना संध्याताईंना रडूच फुटलं. मग रडत-हसत त्यांनी सगळं सांगितलं.

"माझं नाव? त्या पोरांसमोर?" चंद्रहास कानापर्यंत लाल झाला. "अगं, तुला आग्रह कुणी केला?"

"कुणीच नाही हो. डोकं पार रिकामं झालं होतं. आत तेवढंच उरलं होतं."

चंद्रहासनं मोबाईल बंद केला. गाडी सुरू केली, आरसा उगाचच नीट केला आणि घसा खाकरला.

"पुढचा विषय कुठला घेतेस? शनिवारचाच बघ. शनिवारी मी मोकळाच असतो."