उत्तर बुधवारी

लंकाबाईचा बाप्तिस्मा घोड नदीत झाला. कमरेएवढ्या पाण्यात उभी, थंडीनं दात वाजतायत, आणि पाळक म्हणाले, लंका हे काय नाव हाय का, आजपासून लीदिया. लंकाबाई तवा सोळा वर्षांची. तिथंच पाण्यात म्हणाली, "आई लांबून हाक मारंल तवा मला कळायचं न्हाई, कुणाला बोलावतीय ते. ऱ्हाऊ द्या." पाळकांना पण थंडी वाजत व्हती. नाव ऱ्हायलं.

आता ती अठ्ठावन्न वर्षांची हाय. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगच्या पोरांची एक खानावळ हाय, उज्ज्वला नावाची बाई चालवते. तिथं लंकाबाई चपात्या लाटते. सकाळी दोनशे, संध्याकाळी दोनशे. बुधवारी संध्याकाळी खानावळ बंद असते. मग दुपारी स्टीलच्या डब्यात तांदळाची पेज घेऊन ती मंचरला जाते, सरकारी दवाखान्यात. ज्यांच्यापाशी कोण बसत नाय त्यांच्यापाशी बसते. पेज पाजते, नखं काढते, पाय चेपते. आणि जाता जाता एक प्रश्न विचारते.

प्रश्न शास्त्रातले, पण गमतीचे. प्रवचन लांबलं म्हणून खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरनं खाली पडला, तो कोण? कुणाची गाढवीण मालकाला उलटून बोलली? वॉर्ड एकच, बाया-बापे दोन्ही त्यातच. माणसं बहुतेक हिंदू, काही मुसलमान. त्यांना ह्यातलं काय म्हाईत असणार? पण सगळी अंदाज मारायची, एकमेकांना येड्यात काढायची. उत्तर मागितलं की लंकाबाई डबा उचलायची. "बुधवारी सांगते."

हा नेम पडला सावळेरामामुळं. सावळेराम तिचा नवरा. चार वर्षांमागं त्याच वॉर्डात पडून व्हता, लिव्हर गेलेलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस. लंकाबाईला वाचता येत नाय, तिला शास्त्रातलं जे येतं ते सगळं त्याच्या तोंडून ऐकलेलं. कामामुळं तिला बुधवारीच जाता यायचं, बाकी दिवस नणंद बसायची. तर सावळेराम दर बुधवारी तिला एक कोडं घालायचा आणि म्हणायचा, उत्तर पुढच्या बुधवारी. अकरा बुधवार काढले त्यानं. सलाइन व्हतं, औषधं व्हती, ते सगळं खरं. पण लंकाबाईच्या डोक्यात पक्कं बसलं की माणूस उत्तरासाठी थांबतो.

तिला नावं ठेवणारे कमी नायत. धर्म वाटत फिरते म्हणतात. त्यांनी एक बुधवार तिथं जाऊन परक्या म्हाताऱ्याच्या पायाची नखं काढावीत, मग बोलावं. तिनं आजपर्यंत कुणाला चर्चला चल म्हटलेलं नाय.

दसऱ्यानंतर वॉर्डात भिका आला. डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्याची वाडी. छाती भरलेली, बोलता बोलता थांबून श्वास गोळा करायला लागायचा. अंगानं एवढा उंच की पाय कॉटच्या गजांतून बाहेर. पोरगं त्याला सोडून लगेच परत गेलं, घरी भात कापायला आलेलं.

खिडकीतल्या गड्याचा प्रश्न त्याला पहिला पडला. पुढच्या बुधवारी उत्तर ऐकून एवढा हसला की वैजयंती सिस्टरनं येऊन ऑक्सिजन लावला. मास्क बाजूला करून म्हणाला, "आमच्या सप्त्यात निम्मं गाव असंच झोपतंय. पण आमी जमिनीवर बसतो. शाणे हाय आमी."

"आता दुसरं ऐका," लंकाबाई म्हणाली. "एक राजा व्हता. तुमच्यासारखाच धिप्पाड. त्याचा पलंग लोखंडाचा. तर त्यो पलंग किती हात लांब?"

"माझा बी लोखंडाचाच हाय की."

"त्याचा मोठा व्हता."

भिकानं कोपर उभं केलं, बोटं ताणली, हवेत मोजलं. "पाच हात?"

"न्हाई."

"सहा?"

"न्हाई."

"बाई, सांग आता. बुधवारपत्तोर कोण थांबतंय?"

"तुमी थांबायचं."

"सांग की गं."

"बुधवारी," लंकाबाई म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. दारातून वळून बघितलं तर भिका अजून हात उभा धरून व्हता. ती खूश झाली. हा म्हातारा दिवाळी काढतोय, असं तिला वाटलं.

पुढच्या बुधवारी कॉटवर नवी चादर व्हती.

"सोमवारी गेले," वैजयंती सिस्टर म्हणाली. "मावशी, तुमी विचारलं तरी काय व्हतं त्यांना? सगळ्या वॉर्डाला विचारत व्हते. रविवारी बसून कॉट मोजली हातानं. चार हात आणि वर चार बोटं भरली. मला म्हणाले, मोबाईलमध्ये बघून सांग. मी म्हटलं, मावशी रागवतील."

सिस्टरला वाटलं, आपण गमतीचं सांगतोय. लंकाबाईनं पेज शेजारच्या कॉटवरच्या आमिनाला पाजली. एक शब्द बोलली नाय. प्रश्न विचारला नाय. एसटीत खिडकीपाशी बसली आणि मनातल्या मनात म्हणाली, नऊ. नऊ हात. एका श्वासात झालं असतं. भिकाला तेवढा श्वास नव्हता, पण तिच्यापाशी व्हता. आणि सावळेराम अकरा बुधवार जगला तो कोड्यामुळं नाय, हे पण तिला त्याच गाडीत कळलं. कळलं म्हणजे आधीपासून म्हाईत व्हतं ते आता झाकता येईना.

दुसऱ्या दिवसापासून जेवायच्या आधीची प्रार्थना सुटली. ताटावर बसायची, हात जोडायला उचलायची आणि तसाच भाकरीकडं न्यायची. चाळीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं.

उज्ज्वलाच्या लगेच ध्यानात आलं. "लंके, देवाला सुट्टी दिली का?"

"त्यानं मला दिलीय."

"भांडान झालं व्हय? मिटव बाई. त्याच्याशिवाय तुझ्या चपात्या वातड व्हायला लागल्यात."

लंकाबाई हसली नाय. पुढच्या बुधवारी दवाखान्यात पण गेली नाय. दुपारभर खोलीत पडून ऱ्हायली.

तेवढ्यात कापणीचा सण आला. मंचरला त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची पत्र्याची शेड हाय, पंचवीस-तीस घरं येतात. वर्षातून एकदा ज्याच्या शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं आणायचं, कांदे, बटाटे, बाजरीची कणसं. शेत नाय त्यानं घरात काय केलं असंल ते आणायचं. टेबलापुढं उभं ऱ्हायचं, वर्षातला देवाचा एक उपकार नाव घेऊन सांगायचा आणि मग वस्तू ठेवायची. पहिली साक्ष कायम लंकाबाईची. आणि शेवटाला पोरांना प्रश्न विचारायचे ते पण तिनंच.

पाळक रामनाथ तरुण हाय, पोटतिडकीनं बोलतो. तो खानावळीत आला आणि मंडळीतल्या रिवाजानं म्हणाला, "सलाम लंकाबाई. रविवारची तयारी झाली का?"

"मला यंदा उपकार सुचत न्हाईत."

"सुचतील. सगळ्या गोष्टींत उपकार मानायचे असतात."

"भिका मेला त्यात बी?"

रामनाथनं विचारलं, "भिका कोण?"

लंकाबाईनं सगळं सांगितलं. रामनाथ म्हणाला, "तुमचा त्यात काय दोष? आजारानं गेला माणूस."

"आजारानंच गेला. पण उत्तरात अडकून गेला, आन अडकवलं मी." तिनं पोळपाट उभा केला. "शुक्रवारी त्याच्या घरी जाऊन येते. मग रविवारचं बघू."

"घरच्यांना काय सांगणार?"

"हेच."

मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे, पुढं जीप, मग पाऊण तास पायी चढ. वाडीत विचारत गेली. भिकाची बायको भागू अंगणात सुपानं भात पाखडत व्हती. बारकीशी बाई, कपाळ कोरं. तिनं लंकाबाईच्या चपलेपासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कुणीकडनं आलात, पावणं?"

"मंचरवरनं. दवाखान्यात यायची मी."

"तू कोडंवाली." भागूचं सूप थांबलं. "पोराला फोनवर सांगत व्हता. एक बाई येती, पेज देती, आन जीवाला घोर लावून जाती म्हणाला. लोखंडाचा पलंग."

"व्हय." लंकाबाई उभीच ऱ्हायली. "त्यानं उत्तर मागितलं व्हतं. दोनदा मागितलं. मी दिलं न्हाई."

"का?"

"वाटलं, उत्तरासाठी थांबंल."

भागूनं सुपातले खडे वेचायला घेतले. तिथं खडे नव्हते. मग म्हणाली, "फोनवर मला म्हणाला, येऊन जा. मी म्हटलं, भात आत येऊ दे, मग येते. मला बी वाटलं, थांबंल."

कोंबडी सांडलेल्या भातावर आली, तिला दोघींनी हाकललं नाय.

"किती हात व्हता?" भागूनं विचारलं.

"नऊ. आन रुंद चार."

भागूनं अंगणाकडं बघितलं, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. "त्यानं मानलंच नसतं. माप खोटं हाय म्हणाला असता. भांडला असता तुझ्याशी."

"भांडू द्यायला पायजे व्हतं."

"सांगायला पायजे व्हतंस तू."

"व्हय."

एवढंच. भागू तिला असू दे म्हणाली नाय, आणि लंकाबाई ते ऐकायला गेली पण नव्हती. तिनं भिंतीला टेकलेलं दुसरं सूप घेतलं आणि जीपची वेळ होईपर्यंत दोघी पाखडत बसल्या. निघताना भागूनं फडक्यात बांधून तांदूळ दिले. "त्याच्या वाट्याचं हाय. खाणारा गेला. तुझ्या पेजंला घाल."

"मी आता जात न्हाई तिकडं."

"मग माझ्या दारात कशाला आलीस?" भागू म्हणाली आणि आत गेली.

रविवारी शेड भरली. टेबलावर कांद्याचा ढीग, भोपळे, कुणाची करंज्यांची परात. रामनाथनं लंकाबाईचं नाव घेतलं. ती रिकाम्या हातानं पुढं गेली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"माझ्यापाशी यंदा उपकार न्हाईत," ती म्हणाली. "एका माणसाची माफी हाय. ज्याची मागायची त्यो गेला. ती हितं ठिवली तर चालती का, ते पाळकांनी सांगावं."

रामनाथच्या हातात कागद व्हता, त्यात बघून काय मिळणार नव्हतं. तो उठून टेबलापाशी आला आणि कांद्याचा ढीग सरकवून कोपऱ्यात हातभर जागा केली. "चालती," म्हणाला. त्या जागेवर शेवटपर्यंत कुणी काय ठेवलं नाय. नंतर टेबलावरच्या वस्तूंचा लिलाव झाला, माणसं हसली, भोपळ्यावरनं दोघांत चढाओढ लागली. पोरांनी प्रश्न मागितले तेव्हा लंकाबाईनं एक विचारला आणि कुणी हात वर करायच्या आत उत्तर सांगून टाकलं. पोरं चिडली. मागं बायडाबाई बसलेली, ती म्हणाली, "म्हातारी झाली आता लंका." झाली असंल.

बुधवारी ती दवाखान्यात गेली. भिकाच्या तांदळाची पेज जाड झालेली, चिकट.

आमिना तिथंच व्हती. मंचरातच बांगड्या भरायची, हात चालू असेपर्यंत भरणार म्हणायची. आता किडन्या जवाब द्यायला लागलेल्या, पाय सुजून कलिंगडासारखे.

"आलात," आमिना म्हणाली. "मागल्या बुधवारी आला न्हाईत. त्याच्या आधीच्या बुधवारी बोलला न्हाईत. मी म्हटलं, चला, ह्यांचा बी नंबर लागला."

"तुझ्या आधी न्हाई लागत. गप पेज घे."

आमिनानं बिस्मिल्ला म्हटलं. लंकाबाईनं हात जोडले, "ह्या भाताबद्दल," म्हणाली आणि तिथंच थांबली. मग चमचा उचलला.

पेज संपल्यावर ती आमिनाचे पाय चेपायला बसली. अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तसाच ऱ्हायचा. सवयीनं तिच्या तोंडातून निघून गेलं, "चाळीस वर्षं रानातनं पायी चालली माणसं. त्या चाळीस वर्षांत दोन गोष्टी झाल्या न्हाईत. एक म्हंजे, अंगावरची कापडं फाटली न्हाईत." आणि तिची जीभ अडकली. कारण दुसरी गोष्ट, त्यांचे पाय सुजले नायत.

"मूसा पैगंबराची माणसं," आमिना म्हणाली. "आमच्यात बी हायत ती. दुसरी काय?"

लंकाबाईनं पाय हातातून सोडले नायत. "सांगते."

"सांगू नका. मला वळखू द्या."

"आजच सांगणार हाय. आता उत्तर बुधवारवर ठिवायचं न्हाई."

"मग आठवडाभर मी काय करू? पंख्याची पाती मोजू?" आमिनानं उशीवर डोकं फिरवलं. "त्या भिकाबाबाचं म्हाईत हाय मला. शेजारीच व्हते मी. माझी कॉट बी मोजून झाली त्यांची. शेवटचे दोन दिवस दुसरं बोलणंच न्हाई."

लंकाबाईनं खाली बघितलं. "तरास झाला असंल."

"झाला. मी म्हटलं बी, बाबा, झोपू द्या." आमिनानं परत तेच धरलं. "मी म्हणते, मला वळखू द्या."

"आजच वळख. मी बसते तवर."

"येळ लागंल मला."

"लागू दे."

"भूक लागली न्हाई त्यास्नी?"

"लई लागली. कुरकुर करून डोकं खाल्लं त्यांनी."

"भांडली न्हाईत?"

"रोज भांडली."

आमिना हसली, मग हसताना दुखलं म्हणून थांबली. खिडकीबाहेर हायवेचे हॉर्न चालू व्हते. वैजयंती सिस्टर ड्युटी संपवून निघाली, दारात थांबली. "मावशी, साडेसहाची गाडी लागलीय तुमची."

"जाऊ दे तिला."

सिस्टर गेली. वॉर्डातल्या ट्यूब लागल्या. आमिनानं डोळे मिटले, ओठ हलत व्हते. लंकाबाई तिच्या पायांवरून हात फिरवत बसली. त्या पायांना द्यायला ते उत्तर वाईट व्हतं, पण दुसरं नव्हतं तिच्यापाशी.

"सांगू नका हां," आमिना डोळे न उघडता म्हणाली.

"न्हाई सांगत. हाय मी हितंच."