उंबऱ्यावरचं पाठमोरं

मी विज्ञानाचा मास्तर. शाळेत पोरांसमोर नारळातून लाल धागे काढून दाखवायचो आणि मग ते आत कसे भरतात तेही शिकवायचो. भुताखेताचं कुणी बोललं की त्याची अशी टर उडवायचो, की तो माणूस माझ्यासमोर परत विषय काढत नसे. असले अनुभव मी फक्त हसायला वाचायचो... आज स्वतःच लिहायला बसलोय. हसा खुशाल.

गोष्ट १९९९ ची. आमचा हिंगोली जिल्हा नुकताच परभणीपासून वेगळा झाला होता. मी सेनगावला, बसस्टँडच्या मागं भाड्याच्या खोलीत. माझी थोरली बहीण, अक्का, सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या एका गावात दिलेली. गावाचं नाव लिहीत नाही, दाजींचे भाऊबंद अजून तिथंच आहेत. दाजींची दोन एकर शेती आणि जोडीला धरणात मासेमारी.

अक्काला भर दुपारी त्रास व्हायचा. बाराच्या सुमाराला दातखीळ बसायची, हात ताठ व्हायचे, नजर दाराकडं. शुद्धीवर आली की एकच सांगायची – उंबऱ्यावर कुणीतरी बसतंय, आपल्याकडं पाठ करून. तोंड कधी दिसत नाही, पण रोज थोडं थोडं आत सरकतंय.

देवऋषी झाले, दर्गा झाला, नांदेडचे डॉक्टर झाले. शेवटी हिंगोलीच्या दवाखान्यातली एक आयाबाई तिला आपल्या घरच्या प्रार्थनेला घेऊन गेली. बाई ख्रिस्ती होती. तीन रविवार अक्का गेली आणि त्रास थांबला. मी म्हटलं, मनाचे खेळ, पण गुण आला ना, मग झालं! पण अक्का तिथं थांबली नाही. तिनं आणि दाजींनी येशूला धरलं, देव्हाऱ्यातले टाक नेऊन दिराच्या हवाली केले. तिथून गाव बिघडलं.

त्यांना वाळीत टाकलं. हापशावर अक्काची घागर लागली की बाया आपापल्या घागरी उचलून मागं सरायच्या आणि ती गेल्यावर हापसा धुऊन घ्यायच्या. दाजींचे मासे कुणी घेईना, जीपवाला बसवून घेईना. असं आठ महिने चाललं. मग जाणत्या मंडळींनी निरोप धाडला – वेशीवरच्या देवीला अक्कानं एक नारळ फोडावा, कुंकू लावावं, गाव सगळं विसरेल.

मी लगेच जाऊन अक्काच्या मागं लागलो. एक नारळच तर फोडायचा, त्यात काय बिघडतं, तुझा देव एवढा कच्चा आहे का, असं बरंच बोललो. ती न चिडता एवढंच म्हणाली, "ते गेलंय बापू, पण लांब न्हाई गेलं. दाराभाईर बसून वाट पाहून राहिलं."

मग मीच तोडगा काढला. बहिणीच्या वतीनं माहेरचा माणूस फोडेल, चालेल का? मंडळी कुरकुरत तयार झाली. वेशीवर सगळे जमले. मी नारळ हातात घेतला तेव्हा त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा माणूस जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, ज्याच्या नावानं फोडतो त्याचं जे काय आसंल ते फोडणाऱ्याकडं येतं. घेता का?"

मी हसून म्हणालो, "घेतलं."

नारळ पहिल्या ठोक्याला फुटला. अक्का लांब उभी होती. ती तिथंच मातीत खाली बसली आणि तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं, अपमान वाटला असेल बिचारीला.

तो पुढच्या वर्षीचा उन्हाळा. शाळा सकाळची, बारा वाजता मी खोलीवर. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. नारळाला आठ दिवस झाले असतील, गाव अक्काशी पुन्हा बोलायला लागलं होतं. मी भाकरी खाऊन आडवा झालो होतो, दार उघडंच. मान वळवली तर उंबऱ्यावर डाव्या चौकटीला टेकून कुणीतरी बसलेलं... रस्त्याकडं तोंड, माझ्याकडं पाठ. मातकट रंगाचं काहीतरी अंगावर गुंडाळलेलं. बाई की पुरुष, कळत नव्हतं. मी "कोण ए?" म्हणून उठलो तर काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशीही.

डोळे तपासले, चष्मा बदलला. नांदेडला मानसोपचारवाल्यांकडं गेलो, त्यांनी टेन्शन सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप छान लागायची. पण बारा वाजता ते असायचंच आणि दर आठवड्याला बोटभर आत. कुणाला सांगणार? ज्यानं जन्मभर लोकांची टर उडवली त्याला सांगायलाही माणूस उरत नाही.

अक्काला मी एक अक्षर बोललो नव्हतो. तरी एका बाजाराच्या दिवशी ती आली. दारात थबकली आणि उंबरा ओलांडताना त्या डाव्या चौकटीशी कुणी बसलंय असं अंग चोरून आत आली. तिनं पाणी प्यायलं आणि बरोबर त्याच जागी जाऊन बसली. डाव्या चौकटीला टेकून, रस्त्याकडं तोंड, माझ्याकडं पाठ. ओठ हलत होते. त्या दिवशी ते आलं नाही.

मग ती दर बाजाराला यायला लागली. ती बसली की चार-पाच दिवस सुखाचे जायचे. याचा पुरता निकाल लाव म्हणून मी तिच्या विनवण्या केल्या.

"माझ्यातून गेलं तवा म्या स्वतः येशूला हो म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी म्या म्हनून चालत न्हाई. तुलाच म्हनावं लागंल, आन खरं म्हनावं लागंल."

मी प्रयत्न केला. तिच्यासारखे हात जोडले, तिनं सांगितलेले शब्द घोळवले, पण मनात एक कण विश्वास नव्हता आणि ते मला लपवता येईना. नारळ खोटा फोडता आला होता. हे मात्र जमेना. मला रडू फुटलं.

गावात कळायला किती वेळ लागतो? नारळ फोडूनही बाई भावाकडं जाऊन प्रार्थना करून राहिली! मंडळींना ती फसवणूक वाटली, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर फसवणूक मीच केली होती. या वेळी दाजींची जाळी कापली, त्यांना मारलं, घरावरचे पत्रे ओढून काढले. मी मास्तर म्हणून पोलीस ठाणं, तहसील अशी चार दारं झिजवली. सगळीकडं एकच – आपसात मिटवा. मी अक्काला हात जोडून सांगितलं की आता येऊ नकोस. तेव्हा बायको लेकरू घेऊन परत आली होती, खोलीत पाळणा टांगलेला होता. अक्का पाळण्याकडं बघून म्हणाली, "म्या न्हाई आले तर ते कुठपातुर येईल, तुला ठाव हाय ना?" आणि ती येत राहिली. भर पावसाळ्यात, बिनपत्र्याच्या घरातून.

तिला ताप भरला. जीप मिळाली नाही. दाजींनी बैलगाडीतून हिंगोलीच्या रस्त्याला आणली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. गावानं पुरायला जागा दिली नाही. आयाबाईच्या लोकांनी हिंगोलीतच माती दिली. मी बाजूला उभा राहून बघत होतो. माझ्यापायी गेली, हे त्यांच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं.

याला आता कैक वर्षं झाली. बदल्या झाल्या, तीन घरं बदलली. बायको-पोरांना कधी काही दिसलं नाही. मला मात्र अजून दिसतं. दुपारी बारा वाजता, डाव्या चौकटीला टेकून, माझ्याकडं पाठ. फरक एवढाच, की अक्का गेली त्या दिवसापासून ते बोटभरसुद्धा आत सरकलेलं नाही. आणि अलीकडं मला त्याच्या डोक्यावर पदर आहे असं वाटतं... नक्की सांगता येत नाही.

दाजी आता लांब, दुसऱ्या जिल्ह्यात मजुरी करतात. त्यांना हे एकदाच सांगितलं. ते म्हणाले, "आवाज देऊन पाहा ना, मास्तर."

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही, मागायला जागाही नाही. रोज बारा वाजता 'अक्का' हा शब्द तोंडाशी येतो आणि मी तो गिळतो. हाक मारली आणि ते वळलं, तर ते तोंड तिचंच असेल, हे मला कोण सांगणार?